पावलांना ठेका, गर्दीला सूर

सैनिकांची लांबलचक रांग चालली आहे आणि ढोल वाजवणारा सर्वांत पुढे आहे. ठेका मिनिटाला १२० पावलांचा, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. ढोलाजवळच्या सैनिकाला थाप पडताक्षणी ऐकू येते, पण १७० मीटर मागे असलेल्या सैनिकापर्यंत तीच थाप पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. तो ठेका अगदी नेमका धरतो, आणि तरीही पुढच्याचा डावा पाय पडतो तेव्हा याचा उजवा पडत असतो. चूक दोघांचीही नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे सोडवायला दिलेलं गणित असतं. पण एका तालात किती माणसं बांधता येतील आणि किती वेगाने, यालाही निसर्गाने मर्यादा घातली आहे, हे त्यातून कळतं. युद्धाची आणि निषेधाची गाणी समजून घ्यायला मला हे गणित फार उपयोगी वाटतं.

या गाण्यांबद्दल आपण बहुतेक वेळा शब्दांच्या अंगाने बोलतो. कवी कोण, कुठल्या प्रसंगावर लिहिलं, कुणाला बोचलं. शब्द महत्त्वाचे आहेतच, पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धी गोष्ट हातची जाते. ही गाणी पावलांवर काम करतात, श्वासावर करतात, वेदनेच्या जाणिवेवर आणि स्मरणावर करतात. विरुद्ध मताच्या माणसाला गाणं क्वचितच पटवतं. जे आधीच एका बाजूला येऊन उभे आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांना ते एकमेकांशी बांधतं. आणि बांधताना ती बाजू न्यायाची की अन्यायाची, हे त्याला कळत नाही.

विल्यम मॅकनील हे अमेरिकी इतिहासकार १९४१ मध्ये सैन्यात भरती झाले. टेक्सासमधल्या त्यांच्या छावणीत प्रशिक्षणासाठी धड चालणारी तोफसुद्धा नव्हती, म्हणून तरुणांकडून तासन्‌तास नुसती कवायत करून घेतली जाई. एरवी निरर्थक वाटावी अशी ती चाल. पण इतरांच्या पावलात पाऊल टाकत चालताना अंगात एक विलक्षण बरं वाटत असे, आपण आपल्या शरीराच्या बाहेर पसरत चाललो आहोत असं वाटत असे, हे मॅकनील यांच्या कायम लक्षात राहिलं. पुढे अनेक दशकांनी त्यांनी या अनुभवावर सविस्तर लिहिलं. एकत्र हालचाल करणाऱ्या माणसांमध्ये स्नायूंच्या वाटेने एक नातं तयार होतं आणि सैन्य, धर्मपंथ, नाचणारी गावं यांच्या इतिहासात त्या नात्याचा वाटा मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅकनील यांच्यापाशी आठवण होती, मोजमाप नव्हतं. ते नंतर आलं. २००९ मध्ये स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्डमध्ये तीन-तीन अनोळखी माणसांचे गट केले. काही गटांना विद्यापीठाच्या आवारात पावलात पाऊल मिळवून चालायला सांगितलं, काहींना नेहमीसारखं. त्यानंतर सगळ्यांना एक खेळ दिला. प्रत्येकाने इतरांशी न बोलता एक आकडा निवडायचा. सगळ्यांनी मोठा आकडा निवडला तर सगळ्यांचा फायदा; एकानेही कच खाल्ली तर मोठा आकडा निवडणाऱ्याचं नुकसान. म्हणजे प्रश्न सरळ विश्वासाचा. पावलात पाऊल टाकून आलेल्यांनी मोठे आकडे अधिक निवडले. दुसऱ्या प्रयोगात लोकांच्या कानाला हेडफोन लावले, कॅनडाचं राष्ट्रगीत ऐकवलं आणि त्याबरोबर हातातला पेला हलवत गायला लावलं. काही गटांत सगळ्यांना एकाच लयीत गाणं ऐकू येत होतं, काहींत प्रत्येकाला वेगळ्या लयीत. एका लयीत गायलेल्यांनी पुढच्या खेळात सामायिक पैशांत जास्त भर घातली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एका लयीत चाललेले लोक इतरांपेक्षा जास्त खूश होते असं काही आढळलं नाही. आनंद झाला म्हणून सहकार्य वाढलं, इतकं सोपं ते नाही.

मग शरीरात घडतं काय? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी, त्यांत रॉबिन डनबार होते, विद्यापीठाच्या वल्हेकऱ्यांवर एक साधा प्रयोग केला. वल्हवण्याच्या यंत्रावर एकदा एकट्याने सराव करायचा, एकदा गटाने एका तालात. मेहनत तेवढीच. सराव संपल्यावर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून फुगवत न्यायचा आणि दुखायला लागलं की सांगायचं. एका तालात वल्हवून आलेल्यांना दुखणं बऱ्याच उशिरा जाणवलं. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं त्यामागे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही द्रव्यं थेट मोजायची तर पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागतं, म्हणून हा दंडावरचा आडवळणाचा मार्ग. याच परंपरेतल्या पुढच्या अभ्यासात लंडनमधल्या एका गायनसमूहाच्या लहान लहान शाखा आधी वेगवेगळ्या गायल्या, मग २३२ जण एकत्र गायले. बहुतेक जण एकमेकांना ओळखतही नव्हते. तरीही एकत्र गाऊन झाल्यावर त्या मोठ्या गर्दीबद्दलची जवळीक लक्षणीय वाढली. आणखी एका अभ्यासात गाणं शिकणारे, हस्तकला शिकणारे आणि लेखन शिकणारे असे वर्ग सात महिने पाहिले. शेवटी सगळ्याच वर्गांत सारखीच मैत्री झाली होती, पण गाणाऱ्यांची पहिल्याच तासात जमली.

मला हा शेवटचा निकाल फार बोलका वाटतो. मोर्चाला सात महिने नसतात. रणांगणावर निघालेल्या नव्या तुकडीलाही नसतात. ज्यांना आजच, याच दुपारी, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आहे, त्यांच्यासाठी गाणं ओळखपाळखीचे सगळे टप्पे गाळून टाकतं.

सैन्य आणि मोर्चा यांच्यात एक फरक मात्र आहे. सैन्याला कवायत येते, गर्दीला येत नाही. सैनिक रांगेत असतात, ठेका एकच असतो आणि चुकणाऱ्यावर खेकसायला हवालदार असतो. मोर्चात म्हातारी माणसं असतात, कडेवर मुलं असतात, कुणाला शब्द येत नाहीत, कुणाचा सूर भलतीकडेच असतो. मग लाखभर माणसं एक गाणं गातात कशी?

सुरुवातीच्या गणिताकडे पुन्हा पाहू. मैदानात एकमेकांपासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांचा आवाज साधारण ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. गाणं मिनिटाला १२० मात्रांचं असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे दूरचा आवाज अर्ध्या मात्रेहून जास्त मागे पडला. सगळा चिखल झाला. तेच गाणं मिनिटाला ६० मात्रांवर आणलं तर उशीर तेवढाच राहतो, पण तो मात्रेच्या एक तृतीयांशाच्या आत बसतो. त्यात सूर लांबवून धरलेले असतील तर मागून येणारा सूर पुढच्या सुरात मिसळून जातो आणि फरक कानाला टोचत नाही. मोठ्या गर्दीत संथ, लांब सुरांची गाणी टिकतात याचं एक कारण हे साधं भौतिकशास्त्र आहे.

‘वुई शॅल ओव्हरकम’ या गाण्याचा प्रवास या नजरेने पाहण्यासारखा आहे. त्याचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका चर्चगीतात सापडतं. चार्ल्स टिंडली या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने ते रचलं होतं आणि त्यात ‘मी’ होता: मी एक दिवस या सगळ्यावर मात करीन. १९४५-४६ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात सिगार कारखान्यातल्या कामगारांनी संप केला, त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संपाच्या फेऱ्यांमध्ये ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ आलं. लुसील सिमन्स नावाची कामगार स्त्री हे गाणं फार संथ म्हणायची, शब्द ओढून ओढून. त्या संपकऱ्यांकडून ते टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्ता-प्रशिक्षण शाळेत झिल्फिया हॉर्टन यांनी उचललं, पुढे लोकगायक पीट सीगर यांनी ते देशभर नेलं आणि १९६० मध्ये गाय कॅरावान यांनी रॅलेमध्ये जमलेल्या विद्यार्थ्यांना शिकवलं. तिथून ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचं गाणं झालं.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या महामोर्चात जोन बाएझ यांनी ते म्हटलं तेव्हा समोर सुमारे अडीच लाख माणसं होती. लिंकन स्मारकासमोरचा लांबट तलाव ६०० मीटरहून जास्त लांब आहे. स्मारकाच्या पायऱ्यांवरून निघालेला आवाज नुसत्या हवेतून तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला पावणेदोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तिथे उभा असलेला माणूस पायऱ्यांवरच्या गायिकेबरोबर गाऊच शकत नाही. तो गातो तो शेजारच्या दहा-वीस माणसांबरोबर. अशी हजारो छोटी वर्तुळं, प्रत्येक थोडी मागेपुढे, आणि तरी एक गाणं. (त्या मोर्चाचे संयोजक बेयर्ड रस्टिन उत्तम ध्वनिक्षेपण यंत्रणेसाठी हटून बसले होते. गर्दीला ऐकू आलं नाही तर शिस्त राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी कुणीतरी यंत्रणेची नासधूस केली, ती सैन्याच्या सिग्नल कोअरने दुरुस्त करून दिली.)

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो पल्ला, म्हणजे गाण्यातल्या सर्वांत खालच्या आणि वरच्या सुरांतलं अंतर. न शिकलेल्या गळ्याला एका सप्तकाच्या आसपास फिरणं सोपं जातं. अमेरिकेचं राष्ट्रगीत दीड सप्तक चढतं आणि वरच्या जागांवर मैदानातली गर्दी दरवेळी गप्प होते. निषेधाची जी गाणी टिकली त्यांचा पल्ला साधारण लहान असतो, ध्रुवपद परत परत येतं आणि कडव्यात एखादा शब्द बदलला की नवं कडवं तयार होतं. शब्द पाठ नसलेला माणूस दुसऱ्या फेरीला सामील होऊ शकतो. संगीत म्हणून कुणाला हे फार साधं वाटेल. पण या साधेपणावरच अडीच लाख माणसांचं गाणं उभं राहतं.

गर्दीच्या आवाजाचंही एक गणित आहे, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं. गाणारे दुप्पट झाले की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. दहापट झाले तर १० डेसिबलने, आणि तेवढी वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे हजार माणसं मिळून एकाच्या हजारपट मोठी वाटत नाहीत, साधारण आठपट वाटतात. एक पितळी वाद्य एका साध्या गळ्याला सहज झाकून टाकतं. हे ध्यानात ठेवून एस्टोनियातली १९६९ ची घटना पाहा. एस्टोनियात १८६९ पासून मोठे गीतमहोत्सव भरतात. सोव्हिएत राजवटीतही ते चालू राहिले, मात्र गाण्यांवर देखरेख होती. ‘माझी मायभूमी माझं प्रेम’ अशा अर्थाचं एक गाणं, शब्द लिडिया कोइदुला यांचे आणि चाल गुस्ताव एर्नेसाक्स यांची, लोकांनी मनोमन आपलं राष्ट्रगीत मानलं होतं. शंभराव्या वर्षीच्या महोत्सवात गायक मंचावरून उतरेनात, तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणू लागले आणि प्रेक्षकही त्यांना मिळाले. आवाज दाबायला बँडला वाजवायला सांगितलं गेलं. आता समजा, एक वाद्य शंभर गळ्यांच्या बरोबरीचं धरलं आणि शंभर वाद्यं वाजली, तरी ती दहा हजार गळ्यांएवढी. समोर जमलेली माणसं त्याच्या कितीतरी पट होती. बँड हरला. १९८८ च्या सप्टेंबरात ताल्लिनच्या त्याच मैदानावर अंदाजे तीन लाख माणसं जमली, तेव्हा साऱ्या देशाची लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख होती. एस्टोनियाच्या त्या काळाला जगात गाणारी क्रांती म्हणतात, आणि १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला.

आता गर्दीतून एका अंधाऱ्या खोलीत येऊ. जुलै १९५९, तीच हायलँडर शाळा. गोरे आणि काळे तिथे एकत्र शिकत, एकत्र जेवत, म्हणून शाळेवर सरकारचा डोळा होता. एका रात्री पोलिसांनी छापा घातला, दिवे घालवले आणि माणसांना अंधारात बसवून ठेवून झडती सुरू केली. खोलीत किशोरवयीन मुलं होती. त्यांतल्या चौदा वर्षांच्या जमिला जोन्सने त्या अंधारात ‘वुई शॅल ओव्हरकम’च्या चालीवर नवे शब्द धरले: आम्ही घाबरत नाही, आज आम्ही घाबरत नाही. बाकीचे तिच्या मागून म्हणू लागले. पुढे मोठेपणी तिने सांगितलं आहे, की एक शस्त्रधारी पोलीस तिच्याजवळ आला, तो थरथरत होता, आणि इतक्या मोठ्याने गायलाच हवं का, असं त्याने विचारलं. ते कडवं त्या रात्रीपासून गाण्याचा भाग झालं.

घाबरलेल्या माणसाचा श्वास उथळ आणि जलद होतो. गाणाऱ्याला तो तसा ठेवताच येत नाही. ओळ पूर्ण करायची तर पटकन श्वास घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो, कडव्यामागून कडवं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना किंचित वाढतात. व्हेगस ही मज्जातंतू हे काम करते. लांब उच्छ्वास म्हणजे शरीराला शांत होण्याचा निरोप. स्वीडनमधल्या योटेबोर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये काही तरुणांना एकत्र गायला लावून त्यांचे ठोके मोजले. नुसतं गुणगुणताना, म्हणजे प्रत्येकाने आपल्या सोयीने श्वास घेताना, ठोक्यांचा आलेख ज्याचा त्याचा वेगळा होता. स्तोत्र आणि मंत्र म्हणताना, जिथे गाण्याची रचनाच श्वासाची जागा ठरवते, तिथे सगळ्यांच्या ठोक्यांचे चढउतार एकमेकांशी जुळू लागले. त्या खोलीतल्या मुलांचे ठोके कुणी मोजले नव्हते. पण आम्ही घाबरत नाही हे शब्द खरे करण्याची थोडीफार ताकद त्या ओळीच्या लांबीतही होती, असं म्हणायला आधार आहे.

जमिलाने चाल नवी केली नाही, हेही महत्त्वाचं आहे. या गाण्यांच्या दुनियेत चाली सर्रास उसन्या घेतल्या जातात. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठावाचा प्रयत्न करणाऱ्या जॉन ब्राउन यांना १८५९ मध्ये फाशी झाली. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होताच, १८६१ मध्ये, बॉस्टनजवळच्या छावणीतल्या सैनिकांनी एका धार्मिक मेळाव्यातल्या गीताच्या चालीवर ब्राउन यांच्या नावाचं गाणं केलं. शरीर थडग्यात कुजतंय, आत्मा चालतोच आहे. त्याच वर्षी ज्युलिया वॉर्ड हाऊ यांनी वॉशिंग्टनमध्ये सैनिकांना ते म्हणताना ऐकलं आणि पहाटे उठून त्याच चालीवर गंभीर शब्द लिहिले. ते उत्तरेकडच्या राज्यांचं युद्धगीत झालं. १९१५ मध्ये राल्फ चॅप्लिन यांनी तीच चाल घेऊन कामगार संघटनांचं गाणं लिहिलं. भक्ती, युद्ध, संप, चाल एकच.

याला कवीचा आळस म्हणणं अन्यायाचं होईल. १९९४ मध्ये वॉन्डा वॉलेस यांनी लोकांना एका कवनाची कडवी ऐकवली, काहींना नुसती म्हणून, काहींना गाऊन. गाऊन ऐकवलेली कडवी जास्त लक्षात राहिली, पण एका अटीवर: तीच चाल तीनही कडव्यांना पुन्हा आली पाहिजे. चाल एकदाच कानावर पडली तर उपयोग होत नाही, कारण तेव्हा डोक्याला चालही लक्षात ठेवायची असते आणि शब्दही. चाल आधीच अंगवळणी पडलेली असली की ती शब्दांना जागा आखून देते. किती अक्षरं, जोर कुठे, यमक कुठे. संपाच्या दारात छापील पत्रक वाटायला वेळ नसतो आणि वाचता न येणारेही असतात. जुन्या चालीवरचं नवं गाणं दोन फेऱ्यांत सगळ्यांचं होतं. दहा हजारांहून अधिक इंग्रजी आणि जपानी लोकगीतांच्या चाली ताडून पाहिल्यावर पॅट्रिक सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०२२ मध्ये आढळलं, की तोंडोतोंडी जाताना चालीतले आधाराचे सूर टिकून राहतात आणि बदल होतो तो बहुधा शेजारच्या सुराकडे. सजावट झडते, सांगाडा राहतो.

यमकाचं आणखी एक काम आहे आणि ते थोडं धोक्याचं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना अपरिचित म्हणी दिल्या, काही यमकात, काही तोच अर्थ ठेवून यमक मोडलेल्या. यमकातल्या म्हणी लोकांना जास्त खऱ्या वाटल्या. कानाला सहज जाणारं वाक्य मनालाही सहज पटतं. घोषणा यमकात का असतात याचं उत्तर इथे आहे, आणि यमकातली घोषणा दोनदा तपासून का घ्यावी याचंही.

आतापर्यंत बोललो ते संघटनेने किंवा नेत्याने धरलेल्या गाण्यांबद्दल. सैनिक स्वतःहून जी गाणी निवडतात ती बहुतेकदा वेगळीच असतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी बसलेलं ‘टिपरेरी’चं गाणं १९१२ चं, करमणुकीच्या रंगमंचावरचं, दूर राहिलेल्या घराबद्दलचं, त्यात लढाईचं नाव नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचं १९६५ चं एक गाणं आपलंसं केलं. ते कामगार वस्तीतून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणाचं होतं, पण इथून आपल्याला निघायलाच हवं ही त्यातली ओळ जंगलातल्या सैनिकाला पुरेशी होती. आणि ‘लिली मार्लेन’. हान्स लाइप यांनी १९१५ मध्ये लिहिलेली कविता: छावणीच्या दारातला दिवा, त्याखाली उभी असलेली मुलगी, निरोप. नॉर्बर्ट शुल्त्से यांनी १९३८ मध्ये चाल दिली, लाले आंदरसन यांनी १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि फारसं कुणी ऐकलं नाही. १९४१ मध्ये जर्मनीच्या ताब्यातलं बेलग्रेड रेडिओ केंद्र ते रोज रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना लावू लागलं, आणि काही महिन्यांत उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात समोरासमोर असलेले जर्मन आणि ब्रिटिश सैनिक दोघेही ते ऐकू लागले.

बेलग्रेडचा आवाज लिबियापर्यंत गेला याला रात्रीची वेळ कारणीभूत होती. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, एक थर तयार होतो आणि तो रेडिओच्या मध्यम लहरी शोषून घेतो. केंद्र जवळपासच्या भागापुरतंच ऐकू येतं. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो. लहरी त्याच्या वरच्या थरांपर्यंत पोहोचतात, तिथून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. तोच प्रक्षेपक रात्री समुद्र ओलांडतो. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला हे उदास गाणं पसंत नव्हतं. पण सैनिकांच्या मागणीपुढे ते बंद ठेवता आलं नाही, आणि ब्रिटिशांनी शेवटी स्वतःसाठी इंग्रजी शब्द करून घेतले.

घरच्या ओढीची ही गाणी सेनापतींना नेहमीच अवघड वाटत आली आहेत. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलमध्ये घरच्या ओढीवर रोग म्हणून प्रबंध लिहिला होता. परदेशी सैन्यात भाडोत्री लढणाऱ्या स्विस शिपायांसमोर गुराख्यांची एक चाल वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून ते रडत, पळून जात, असं तत्त्वज्ञ रूसोने नोंदवलं आहे. पण विरहाचं गाणं माणसाला नेहमी मागेच ओढतं असं नाही. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सुरू होते मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराच्या ताटातुटीने, आणि पोहोचते संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत, भाषेच्या मुलखातून तुटलेल्या भागांपर्यंत. बायकोपासून तुटलेला माणूस आणि राज्यापासून तुटलेला प्रदेश ऐकणाऱ्याच्या मनात एक होतात. एकट्याचं दुःख सगळ्यांचं करून टाकण्याचं इतकं सरळ आणि पक्कं काम मला दुसऱ्या गाण्यांत क्वचितच दिसलं आहे.

प्रयोगशाळेतल्या निकालांबद्दल एक खबरदारी सांगायला हवी. एका तालातल्या हालचालीचा परिणाम अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसतो, पण तो मध्यम आकाराचा आहे आणि प्रयोग घेणाऱ्याला कुठला गट कुठला हे ठाऊक असलं तर निकाल फुगतो, अशी टीकाही झाली आहे. न्यूझीलंडच्या संशोधकांनी म्हणून प्रयोगशाळेच्या बाहेर जाऊन एका मोठ्या क्रीडामैदानात माणसांना गटागटाने फिरवलं, कधी एका तालात कधी बेताल, कधी जलद कधी संथ, आणि वरून कॅमेऱ्याने टिपलं. नंतर मैदानभर विखुरलेल्या धातूच्या चकत्या सगळ्यांनी मिळून गोळा करायच्या होत्या. जे एका तालात आणि जलद चालले होते ते एकमेकांच्या जास्त जवळ राहिले आणि त्यांनी चकत्या जास्त गोळा केल्या.

पण चकत्यांच्या जागी दुसरं काही असतं तर? लॉस एंजेलिसमध्ये डॅनियल फेसलर आणि कॉलिन होलब्रुक यांनी २०१४ मध्ये पुरुषांना दुसऱ्या पुरुषाच्या पावलात पाऊल टाकत चालवलं आणि मग एका रागीट चेहऱ्याचा फोटो दाखवून तो माणूस किती उंच, किती धिप्पाड असेल हे विचारलं. बेताल चाललेल्यांच्या तुलनेत त्यांना तो लहानखुरा वाटला. शत्रू तोच, पण आता तो आवाक्यातला. आणि विल्टरमुथ, ज्यांनी पूर्वी एका तालात चालणाऱ्यांचं सहकार्य मोजलं होतं, त्यांनीच २०१२ मध्ये उलटा प्रश्न विचारला. एका तालात चालल्यावर, सोबत चाललेल्या माणसाने सांगितलं म्हणून लोक जिवंत किडे मारण्याच्या यंत्रात टाकतील का? बेताल चाललेल्यांपेक्षा त्यांनी जास्त टाकले.

आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टरांकडून अल्पसंख्य तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला तेव्हा आरटीएलएम या रेडिओ केंद्रावरून सिमोन बिकिंदी या लोकप्रिय हुतू गायकाची गाणी वाजत होती. नाचता येण्याजोगी, पारंपरिक ढंगाची, आधीपासून लोकांच्या ओठांवर असलेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात त्याच्यावर खटला चालला. ही गाणी द्वेष पेटवण्यासाठी वापरली गेली हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण संहारासाठीच त्याने ती रचली किंवा रेडिओवर वाजवून घेतली हे पुराव्याने सिद्ध झालं नाही. डिसेंबर २००८ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली ती जून १९९४ मध्ये रस्त्याने जाताना गाडीवरच्या ध्वनिक्षेपकातून लोकांना तुत्सींना मारायला सांगितल्याबद्दल. न्यायालयाला बोललेल्या वाक्याचा हेतू पकडता आला. गाण्याने ऐकणाऱ्यांच्या शरीरात काय केलं, याचं मोजमाप कायद्याकडे नव्हतं.